समावेशक शाळेची पूर्वपीठिका

महाराष्ट्रांतील शिक्षणप्रसाराची कथा आपण १८४८ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं काढलेल्या मुलींच्या शाळेपासून सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु जें मूल शाळेंत येऊन बसलें तरी इतरांच्या पावलाबरोबर चालूं शकत नाहीं, त्याची नोंद या कथेंत फार उशिरां येते. डाऊन लक्षणसमूह घेऊन जन्मलेल्या मुलांपुरती ती नोंद आम्हांस येथें पाहावयाची आहे.

जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरानें १८६६ सालीं अशा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यानें त्यांस ‘मंगोल’ म्हटलें, आणि एका मानववंशाचें नांव एका व्यंगास जें चिकटलें, तें जवळजवळ शंभर वर्षें निघालें नाहीं. १९५९ सालीं पॅरिसच्या लेज्यून प्रभृतींनीं दाखविलें कीं, या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनांऐवजीं तीन प्रति असतात. वंश, आईबापांचें पाप किंवा गरोदरपणीं पाहिलेलें ग्रहण यांचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. एक गोष्ट मात्र विसरली गेली. याच डाऊननें १८६८ सालीं नॉर्मन्सफील्ड येथें अशा मुलांसाठीं निवासी संस्था काढली व पुढें तेथें नाटकगृहहि बांधलें. या मुलांस शिकवितां येतें, असें तो मानीत होता हें उघड आहे.

आपल्याकडे १९४४ हें वर्ष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या अशाच एका मुलीसाठीं घरीं शाळा मांडली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. त्याच वर्षीं सार्जंट अहवालानें अपंगांचें शिक्षण राष्ट्रीय शिक्षणपद्धतीचें अंग असावें असें सुचविलें. अहवाल बव्हंशीं कागदावर राहिला. आईबापांची शाळा चालली. पुण्याची ‘कामायनी’ १९६४ ची. या सर्व वेगळ्या शाळा. सर्वांबरोबर एका वर्गांत बसविण्याची सरकारी योजना १९७४ सालीं आली, १९९५ सालीं कायदा झाला, आणि २०१६ च्या कायद्यानें शेजारची शाळा कीं विशेष शाळा, ही निवडच मुलाच्या हातीं दिली.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत या निवडीचें काय होतें? शेगांवास श्रीगजानन महाराज संस्थानाचें मतिमंद विद्यालय आहे. पण घाटावरच्या लोणार तालुक्यांतील शेतमजुरास घाटाखालचें शेगांव रोजच्या एस.टी.चें नव्हे. त्यास गांवची जिल्हा परिषदेची शाळा हीच एक शाळा. म्हणून त्या शाळेंत काय घडतें हाच खरा प्रश्न.

तेथें मुलाचें नांव हजेरीपटावर चढतें आणि मूल शेवटच्या बाकावर जातें. हीं मुलें कानापेक्षां डोळ्यानें अधिक शिकतात. ऐकलेलें त्यांच्या ध्यानांत थोडाच वेळ टिकतें, आणि कित्येकांस ऐकूंहि कमी येतें. आपल्या शाळांची सारी भिस्त मात्र एका सुरांत म्हणावयाच्या पाढ्यांवर! नेमकें जें इंद्रिय दुबळें, त्यावरच सारा भार. उलट चित्राखालीं अख्खा शब्द लिहिलेला पत्ता द्या, तें मूल मुळाक्षरांआधीं ‘आई’ हा शब्द ओळखूं शकतें. चिंचोके हातीं द्या, पांचाची कल्पना येऊं लागते. सोबत्यांचें बोलणें, रांगेंत उभें राहणें, डबा वाटून खाणें हें शिक्षण तर विशेष शाळेपेक्षां येथेंच बरें होतें, असें आमचें मत आहे.

पण एकाच खोलींत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींनीं हे पत्ते केव्हां काढावे? २८ ऑक्टोबर १९४४ नव्हे, २०२१ रोजीं, म्हणजे सार्जंट अहवालानंतर सत्याहत्तर वर्षांनीं, सर्वोच्च न्यायालयानें विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचे निकष केंद्र सरकारनें जाहीर करावेत असा आदेश दिला, आणि नेमणुका होईपर्यंत फिरत्या शिक्षकांवर काम भागविण्यास मुभा दिली. फिरता शिक्षक ज्या दिवशीं येत नाहीं, त्या दिवशीं पत्ते व चिंचोके कोणीं व कोणत्या तासास काढावयाचे, हें वेळापत्रकांत लिहून घ्यावें. पालकांनीं शाळा व्यवस्थापन समितींत एवढी मागणी करण्यास कोणत्याहि नव्या कायद्याची गरज नाहीं.