उपचारानंतरचे घर

व्यसनमुक्तीचा उपचार काही आठवड्यांत आटोपतो; पण त्यानंतर राहावे कोठे, हा प्रश्न उरतो. जुन्या संगतीत परतावे, तर प्याला पुन्हा हाती येतो. अमेरिकेत या प्रश्नाला जे एक उत्तर मिळाले, त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे मद्यपाशातून सुटलेल्यांसाठी एक सरकारी निवासगृह होते. सहा महिने भरले की तेथून निघावे लागे, आणि निघालेल्यांतील अनेक जण पुन्हा पिऊ लागत. १९७५ साली ते बंद करण्याचे ठरले, तेव्हा पॉल मोलॉय व इतर रहिवाशांनी ती वास्तू स्वतःच भाड्याने घेतली. पगारी व्यवस्थापक नव्हता. कारभार सर्वांच्या मताने चाले. प्रत्येकाने खर्चाचा वाटा उचलावा आणि जो पुन्हा प्याला त्याने घर सोडावे, हे नियम ठरले. मुक्कामाची मुदत मात्र काढून टाकली. 'ऑक्सफर्ड हाउस'चा जन्म असा झाला.

१९८८ च्या कायद्याने अशा घरांच्या उभारणीसाठी ४,००० डॉलरपर्यंत कर्जाची सोय केली. तरीही वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने हरकत घेतली. नात्यागोत्याच्या नसलेल्या पाचांहून अधिक माणसांना त्या शहराच्या नियमात 'कुटुंब' म्हणता येत नव्हते. अशा नियमाला भेदभावविरोधी गृहनिर्माण कायद्यातून सूट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला.

उपचार घेऊन परतलेला कोणी उद्या आपल्या आळीत खोली मागू लागला, तर आपण त्याला काय उत्तर देणार आहोत?