सीपी-बेरारचा पडदा आणि रहस्यपटांच्या कॅसेटी

वकिलाची बायको मरते. तिचे क्रियाकर्म तो स्वतः उरकतो. काही काळाने पोलीस एका गुन्हेगार बाईला पकडून आणतात. ती हुबेहूब बायकोसारखी दिसते आणि आपण तीच आहोत असा दावा करते. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) या पेचावर उभा आहे. कथा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीची, प्रमुख भूमिकांत भावना आणि काशिनाथ घाणेकर. मेलेले माणूस परत आले की काय, ही शंका परांजपे शेवटपर्यंत जिवंत ठेवतात. तिचा छडा मात्र मांत्रिक लावत नाही, कोर्टातली उलटतपासणी लावते. उत्तर काय, ते इथे फोडण्याचे कारण नाही.

मराठी पडद्यावरच्या भुताची तऱ्हाच ही. भीती खरी असते, भुताबद्दल मात्र खात्री नसते. वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) मध्येही घाणेकर आहेत, सोबत आशा काळे. त्यातल्या सुधीर मोघ्यांच्या एका गाण्यावरून झी मराठीने 2016 मध्ये आपल्या मालिकेचे नाव घेतले. त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनाही ते शब्द तोंडपाठ झाले. ‘पाठलाग’च्या नशिबी तेवढेही आले नाही. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण दोनच वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून ‘मेरा साया’ काढला आणि साधना-सुनील दत्तच्या रंगीत चित्राखाली मूळचा काळा-पांढरा पट झाकला गेला. रायपूरसारख्या हिंदी मुलखातल्या शहरात तर हे होणारच होते.

रायपूर मराठीला परके नव्हे. 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तोवर छत्तीसगड भोसल्यांकडे होते. पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात दोन्ही मुलूख एकत्रच राहिले. शहरातला तात्यापारा आणि 1935 पासूनचे महाराष्ट्र मंडळ ही त्या सहवासाची खूण. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर मध्य प्रदेशात. नकाशावरून ‘सीपी अँड बेरार’ हे त्या प्रांताचे इंग्रजी नाव पुसले गेले, तरी सिनेमाच्या धंद्याने ते पुसले नाही. वितरकांच्या वहीत सर्किटचे, म्हणजे वितरणाच्या विभागाचे, नाव ‘सीपी-बेरार’च राहिले, वितरकांच्या पेढ्या अमरावती आणि भुसावळला, आणि रायपूरचा पडदा याच सर्किटात. सरकारे बदलली तरी वितरकांनी जुना प्रांत सोडला नाही, हा या धंद्याचा एक गमतीदार हट्टच.

मात्र सर्किट एक असले तरी भाषा एक नव्हती. पस्तीस मिलिमीटरची प्रिंट म्हणजे दहा-अकरा मिनिटांचे एक रीळ, अशा डझनभराहून अधिक रिळांची पत्र्याची अवजड पेटी. ती रेल्वेने आणायची, थिएटर भरायचे, आणि तेही शहरातल्या मूठभर मराठी घरांच्या जोरावर: हा हिशेब जुळणे कठीण. दूरचित्रवाणीनेही मदत केली नाही. 1975-76 च्या ‘साइट’ या उपग्रह-प्रयोगात निवडलेल्या भागांत रायपूर होते आणि 1977 मध्ये शहरात दूरदर्शनचे केंद्रही आले. पण मुंबई दूरदर्शनवरचा मराठी चित्रपट रायपूरच्या अँटेनाला लागत नसे.

ही कोंडी कॅसेटने फोडली. मुंबईत 1962 मध्ये पुस्तके भाड्याने देणारी लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या शेमारूने 1979 मध्ये व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. 1982 च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि गावोगाव व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. ज्याच्याकडे व्हीसीआर नाही तो टीव्हीसकट रात्रभरासाठी भाड्याने आणी, आणि पैसे वसूल करायचे म्हणून पहाटेपर्यंत तीन-चार सिनेमे लागत. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका झाला की 1984 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवावी लागली. पेटीत मावणारा सिनेमा आता पिशवीत मावू लागला. नागपूर ते रायपूर अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरची ही दोन्ही मोठी स्थानके. सुट्टीला जाऊन आलेल्या पाहुण्याच्या सामानातही आख्खा चित्रपट येऊ शकत होता.

रहस्यपटाला हे माध्यम विशेष मानवते. थिएटरात दार कधी वाजले, सावली कोणाची पडली, हे निसटले की निसटले. कॅसेट मागे घेता येते. प्रेक्षक स्वतःच गुप्तहेर होतो, संशयाची जागा पुन्हा लावून पाहतो. पण फितीला त्याची किंमत मोजावी लागते. अर्धा इंच रुंदीची ती चुंबकी फीत हेडवर घासून झिजते, आणि जी जागा सर्वांत जास्त वेळा मागे-पुढे केली तिथेच पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचू लागतात. ट्रॅकिंगचे बटण फिरवूनही त्या हटत नाहीत. शिवाय पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते, मग हेड स्पिरिटने पुसत बसा. लायब्ररीतल्या जुन्या रहस्यपटाची कॅसेट उलगड्याच्या प्रसंगालाच सर्वांत खराब असावी, हा त्यातला उपरोध.

व्हीसीडीने झीज थांबवली, पण सिनेमा कापला. एका तबकडीवर जेमतेम 74 मिनिटे मावत. म्हणजे ‘पाठलाग’सारखा पट दोन तुकड्यांत. रहस्य रंगात आले की पडदा काळा आणि कोणीतरी उठून दुसरी तबकडी घालायची. रायपुरात याच सुमारास स्थानिक सिनेमाने डोके वर काढले. मनू नायक यांच्या ‘कहि देबे संदेस’नंतर (1965) छत्तीसगढी चित्रपट जवळजवळ थांबला होता, सतीश जैन यांचा ‘मोर छइंहा भुइंया’ 27 ऑक्टोबर 2000 रोजी लागला आणि पाचच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, रायपूर नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाले. छत्तीसगढी गाण्यांच्या आणि सिनेमांच्या व्हीसीडींना बाजार मिळाला. मराठी तबकड्या त्या गर्दीत कोपऱ्यातच राहिल्या.

त्याच राज्याने 2005 मध्ये टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून बायकांचा छळ करण्याविरुद्ध कायदा केला. भुताचा उलगडा कोर्टात करणारे मराठी रहस्यपट इथे निव्वळ करमणूक नव्हते, असे म्हणायला जागा आहे.

2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणेच बरे, असा हा भाव होता; लायब्रऱ्यांचा धंदा त्याने खिळखिळा केला आणि उरलासुरला इंटरनेटने संपवला. खुद्द मोझर बेअरही 2018 मध्ये अवसायनात निघाली. जुन्या मराठी चित्रपटांच्या आज इंटरनेटवर फिरणाऱ्या पुष्कळ प्रती या व्हीसीडींवरूनच चढवलेल्या असतात. चित्र धूसर, कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह, आणि मधेच कुठेतरी, वाक्य अर्धे असताना, एक तबकडी संपून दुसरी सुरू झाल्याचा सांधा.