हैदराबादेस प्रथम जाणाऱ्यास

श्रीशैल, भद्राचल किंवा तिरुपतीच्या यात्रेस निघालेल्या आपल्याकडील मंडळींचा एक मुक्काम पुष्कळदा हैदराबादेस पडतो. दोन गाड्यांच्या मध्ये एखादा दिवस हाताशी असतो आणि त्या दिवसात काय पाहावे, अशी विचारणा होते. उत्तर ठरलेले असते. चारमिनार पाहावा, गोवळकोंड्याचा किल्ला चढावा, सालारजंग संग्रहालय डोळ्यांखालून घालावे आणि मोत्यांची एखादी माळ घेऊन परतावे. या उत्तरात गैर काही नाही. तथापि महाराष्ट्रातून वा गोमंतकातून जाणाऱ्याने हे शहर केवळ प्रेक्षणीय स्थळांची यादी म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते. या नगराशी आपल्या माणसांचा संबंध जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा आहे. त्या काळात आपण तेथे पाहुणे म्हणून गेलो, चाकरीस राहिलो, संस्था काढल्या आणि काही वेळा यजमानाचे मनही दुखावले. प्रथमच जाणाऱ्याने हा इतिहास बरोबर घेऊन जावा, म्हणजे कोठे जावे याइतकेच तेथे कसे वागावे हेही त्यास कळेल.

मुहम्मद कुली कुतुबशहाने हे नगर वसविले आणि १५९१ मध्ये त्याच्या मध्यभागी चारमिनार उभारला. मराठी कागदपत्रांत त्याचे नाव भागानगर असे येते. या भागानगरात आलेले सर्वांत थोर मराठी पाहुणे म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज. कर्नाटकच्या मोहिमेस निघाले असता १६७७ च्या आरंभी महाराजांनी कुतुबशाहीशी स्नेहाचा करार करण्याचे योजिले. गादीवर अबुल हसन तानाशहा होता. राज्याचा कारभार मादण्णा आणि आकण्णा या दोघा ब्राह्मण बंधूंच्या हाती होता. आणि महाराजांचे वकील प्रल्हाद निराजी यांनी भेटीची पूर्वतयारी केली होती. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत या प्रवेशाचे वर्णन हौसेने केले आहे. रस्त्यांवर कुंकुमकेशराचे सडे पडले होते, गुढ्या-तोरणे उभारली होती आणि हजारो नागरिक महाराजांस पाहावयास लोटले होते.

हा थाट आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक असतो. त्यामागील शिस्तीकडे मात्र क्वचित लक्ष जाते. बरोबर मोठी फौज होती आणि परक्या राज्याच्या भरल्या राजधानीतून ती जावयाची होती. रयतेच्या मालमत्तेस हात लावू नये, लागेल ते बाजारात दाम देऊन आणि देणाऱ्याच्या राजीखुशीने घ्यावे, अशी सक्त ताकीद महाराजांनी लष्करास दिली होती. त्या काळी फौज गावाजवळ आली की दुकानदार फळ्या लावीत. येथे बाजार उघडे राहिले. पाहुण्याचा मान त्याच्या बळावर ठरत नसून यजमानाच्या घरी तो कसा वागतो यावर ठरतो, ही गोष्ट महाराजांनी भागानगरास दाखवून दिली. पुढे १६८६ मध्ये मादण्णा आणि आकण्णा यांचा वध झाला आणि १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला. तानाशहाची अखेरची वर्षे महाराष्ट्रात, दौलताबादच्या किल्ल्यात, कैदेत गेली.

यानंतरचे मराठी माणसांचे हैदराबाद पाहावयाचे तर मुसी नदी ओलांडून उत्तरेस सुलतानबाजारात यावे लागते. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील निजामाच्या दरबारी राहत असत. गोविंदराव कृष्ण काळे हे त्यांतील नामांकित. पुढे निजामाच्या दरबारी इंग्रज रेसिडेंटाचे वजन वाढले आणि जेम्स किर्कपॅट्रिक या रेसिडेंटाच्या काळात, १८०३ च्या सुमारास, मुसीच्या उत्तर तीरावर भव्य रेसिडेन्सीचे काम सुरू झाले. तिच्याभोवती जी वस्ती वाढली तिला रेसिडेन्सी बाजार म्हणत. भोवताली निजामाचे राज्य असताना या बाजारांत अंमल रेसिडेंटाचा चाले. हैदराबादच्या पोटात हे एक निराळे लहानसे नगरच होते.

या सीमारेषेचे महत्त्व आज नकाशावर दिसत नाही, परंतु येथील संस्था तिच्यावाचून उलगडत नाहीत. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. खासगी शाळांवर निर्बंध होते. १९२९ च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने तर पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरविणेही अशक्य केले. रेसिडेंटाचा अंमल काही आपल्या कळवळ्याने चालत नव्हता. पण एका सत्तेच्या कुंपणाशी दुसऱ्या सत्तेचा हात आखडतो. त्या फटीत शाळा, ग्रंथालये आणि समाज रुजले. आर्यसमाजाचे मंदिर सुलतानबाजारात उभे राहिले. १९०१ मध्ये तेलुगू भाषकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे ग्रंथालय स्थापिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जवळच विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था सुरू झाली, १९२० मध्ये ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक निघाले आणि १९२२ मध्ये इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले.

या कामात ज्यांचा हात होता त्यांतील दोन नावे तरी प्रवाशाने ध्यानी ठेवावी. पहिले केशवराव कोरटकर. मराठवाड्यातून येऊन त्यांनी वकिलीत नाव मिळविले आणि पुढे ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९३२ मध्ये ते वारल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात केशव स्मारक विद्यालय निघाले. दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. सावंतवाडीजवळच्या कोलगावचे हे गृहस्थ चित्रकार म्हणून हैदराबादेस आले, तेथे त्यांचा वेदांचा अभ्यास वाढला आणि विवेकवर्धिनीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. कोकणच्या मातीतील एक वेदाभ्यासक आणि मराठवाड्यातील एक कायदेपंडित येथे एकत्र आले, हे आमच्या वाचकांस विशेष वाटावे. १९३० मध्ये मडगावास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनानंतरचे संमेलन, १९३१ चे, हैदराबादेसच भरले आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते.

येथवरची हकीकत अभिमानाची आहे. आता जी सांगावयाची ती तशी नाही, आणि म्हणूनच ती गाळता येत नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या जागेत निजाम राज्यातील सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे सभेने शांतपणे ऐकिली. नंतर आलमपल्ली वेंकट रामराव हे वकील आपल्या मातृभाषेत, तेलुगूत, बोलावयास उभे राहिले. तेव्हा सभेतून टवाळी आणि आरडाओरड सुरू झाली. श्रोत्यांत मराठी माणसांचा भरणा होता. ज्या राज्यात तेलुगू भाषकांची संख्या सर्वांत मोठी, त्याच राज्याच्या राजधानीत त्यांच्या भाषेस बसावयास जागा मिळाली नाही. आणि ती नाकारणारे लोक स्वतःच्या भाषेच्या शाळेसाठी सरकारशी झगडत होते. समाज सुधारण्यास जमलेल्या मंडळींस ही विसंगती त्या घटकेस दिसली नाही.

अपमानित झालेली तेलुगू मंडळी सभेतून उठली आणि लगोलग एकत्र जमून त्यांनी आंध्र जनसंघ या संस्थेचा पाया घातला. माडपाटी हनुमंतराव हे तिच्या अग्रणींपैकी एक. गावोगाव ग्रंथालये, तेलुगू शाळा आणि पुढे आंध्र महासभा, असा तिचा विस्तार झाला. तेलंगणाच्या जागृतीचा इतिहास लिहिणारा प्रत्येक लेखक त्या सभेपाशी थांबतो. आपण मात्र विवेकवर्धिनीचा गौरव करताना ते पान उलटून पुढे जातो. भरसभेत आपल्या बोलीस कोणी हसले तर मनास काय यातना होतात, हे आमच्या कोकणी वाचकांस समजावून सांगावयास नको. १६७७ मध्ये सैन्य घेऊन आलेले मराठे यजमानाच्या बाजारातील काडीलाही हात लावीत नाहीत आणि १९२१ मध्ये पुस्तके घेऊन आलेले मराठी सुशिक्षित यजमानाच्या भाषेस हसतात, या दोन चित्रांत जे अंतर आहे ते प्रवाशाने विचारात घ्यावे.

काळाने पारडी बदलली. १९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार निजामास परत मिळाले आणि त्यांस सुलतानबाजार हे नाव पडले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली त्या लढ्यात मराठी, तेलुगू आणि कानडी कार्यकर्ते खांद्यास खांदा लावून उभे होते. पुढे भाषावार राज्यरचना आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. ज्या नगरात मराठी ही राज्याच्या तीन मोठ्या लोकभाषांपैकी एक होती, तेथे ती अल्पसंख्याकांची भाषा झाली. पुष्कळ घराणी मात्र तेथेच राहिली. त्यांनी मराठी साहित्य परिषद चालविली, ‘पंचधारा’ हे नियतकालिक काढिले, गणेशोत्सव आणि ग्रंथालये सांभाळिली, मुलांस तेलुगू शिकविली. १९२१ च्या सभेत जे घडले त्याचे परिमार्जन कोणी ठराव करून केले नाही. शेजाऱ्याची भाषा घरात आणून या सामान्य कुटुंबांनी ते केले.

आता प्रवासाचे पाहू. मराठवाड्याकडून येणाऱ्याने शक्य तर काचीगुडा स्थानकावर उतरावे. मनमाडपासून छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड या मार्गाने आलेली पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी माणसे याच बाजूने शहरात शिरली. १९१६ च्या या स्थानकाच्या कमानी व घुमट निवांतपणे पाहण्यासारखे आहेत. तेथून सुलतानबाजार जवळ आहे. २०२० पासून मेट्रोचे स्थानकही बाजाराच्या माथ्यावर आहे. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी पायी हिंडावे. कोठी येथील रेसिडेन्सीची इमारत महिला विद्यापीठाच्या आवारात असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी. जुलै १८५७ मध्ये तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर चाल केली होती. त्यांचे स्मारक कोठीत आहे. नंतर आंध्र भाषा निलयम् आणि मराठी ग्रंथसंग्रहालय या दोन्ही ठिकाणी जावे. एकच पाहून परतू नये.

तेथून गौलीगुड्याच्या राममंदिरात दर्शन घेऊन अफजलगंजमार्गे पूल ओलांडला की जुने शहर लागते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीस जो महापूर आला, त्यात उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेने सुमारे दीडशे माणसांचे प्राण वाचविले असे सांगतात. ते झाड नमस्कार करण्याजोगे आहे. चारमिनारच्या दक्षिणेस शालीबंड्याकडे आकण्णा-मादण्णांच्या नावाचे महाकालीचे देऊळ आहे. सालारजंग संग्रहालय व चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद असतात, म्हणून तो वार टाळावा.

गोवळकोंड्यास स्वतंत्र सकाळ द्यावी. साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. ऊन तापण्यापूर्वी वर पोहोचावे. वाटेत भक्त रामदासाची कोठडी दाखवितात. भद्राचलच्या राममंदिरासाठी सरकारी वसूल खर्चिल्याबद्दल हा तहसीलदार येथे कैदेत होता. माथ्याजवळ जगदंबा महाकालीचे स्थान आहे. आषाढात बोनालू उत्सवाचा आरंभ येथूनच होतो. तेलुगू पंचांगाचे महिने आपल्याप्रमाणेच अमान्त असल्याने आपल्या आषाढातच तो येतो. डोक्यावर भाताचे सजविलेले मडके घेऊन देवीस निघालेल्या स्त्रिया पाहताना वाट द्यावी, मध्ये घुसून छायाचित्रे काढू नयेत.

शेवटी भाषेविषयी. बाजारातील दख्खनी उर्दू कान देऊन ऐकावी. नकारार्थी ‘नक्को’ हा शब्द ऐकताच मराठी माणसास ‘नको’ आठवेल आणि कोकणी माणसास ‘नाका’. जोर देण्यासाठी शब्दाच्या शेवटी येणारा ‘इच’ हा आपल्याच ‘च’चा भाऊ आहे. हे शब्द कोणी लादले नाहीत. शेजारपणाने ते तेथे राहिले. म्हणून प्रथम जाणाऱ्याने तेलुगूतील दोन शब्द तरी शिकून जावे: नमस्कारास ‘नमस्कारम्’ आणि आभारास ‘धन्यवादालु’. दोन्ही आपणांस अर्धे येतातच. आंध्र भाषा निलयमाच्या दारात ते उच्चारावे, मग इसामिया बाजारात जाऊन मराठी पुस्तक उघडावे आणि सवड असल्यास तेथील वृद्ध वाचकांजवळ घटकाभर बसावे. दूर राहिलेल्या आपल्या माणसांस गावाकडचे कोणी भेटावयास आले, याचा आनंद मोत्यांच्या माळेहून मोठा असतो.