चाल तीच, नाटक नवे

यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाची पहिली बैठक नेहमीप्रमाणे चहा-चिवड्यावर सुरू झाली आणि नेहमीप्रमाणेच वादावर संपली. या वेळी निमित्त होते आपल्या मुलामुलींच्या नाटुकल्याचे. आजी-आजोबा पहिल्यांदा ब्रिस्टलला येतात त्या उन्हाळ्याची गोष्ट मुलांनी लिहिली आहे आणि त्यातली गाणी इथल्या जुन्या रॉक गाण्यांच्या चालींवर मराठी शब्द बसवून केली आहेत. एका ज्येष्ठ काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उसन्या चालींवर कसले नाटक? आपल्याकडे संगीत नाटकाची एवढी मोठी परंपरा आहे, त्यातले काही बसवा."

माझी लेक त्या मुलांत आहे. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, तू काहीच का बोलला नाहीस?"

बोललो नाही, कारण काकांचे ते वाक्य एके काळी मीही बोललो होतो. ती हकीगत आणि तिच्या मागचा इतिहास सांगण्यासाठी हा लेख.

२००२ च्या वसंतात आम्ही दोघे ब्रिस्टलहून कोचने लंडनला गेलो होतो. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या डोमिनियन थिएटरमध्ये 'वी विल रॉक यू' हे नवे नाटक येत होते. क्वीन या बँडची गाणी आणि बेन एल्टनने लिहिलेली गोष्ट. औपचारिक उद्घाटन १४ मे रोजी होते, पण एप्रिलअखेरीपासून प्रीव्ह्यू सुरू झाले होते. आमची तिकिटे त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या एका प्रयोगाची होती, कारण ती स्वस्त होती.

नव्या पिढीला प्रीव्ह्यू सांगायला नकोत, पण नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. आपली रंगीत तालीम म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, दिवे यांसह केलेली तालीम, तिथे फार तर घरचे लोक बसतात. प्रीव्ह्यूला प्रेक्षक पैसे देऊन येतात, मात्र नाटक अजून कच्चे असते. कुठला विनोद पडला, कुठे लोक चुळबुळ करू लागले हे रात्री टिपायचे आणि दुसऱ्या दिवशी तालमीत बदल करायचे. समीक्षकांना बोलावणे नंतर, प्रेस नाइटला. आपल्या हिप्पोड्रोमनेही हे पाहिले आहे. 'मेरी पॉपिन्स' लंडनला जाण्याआधी सप्टेंबर २००४ मध्ये प्रथम इथे, ब्रिस्टलच्या प्रेक्षकांसमोर उभे राहिले.

तर डोमिनियनमध्ये पडदा उघडला. भविष्यातली पृथ्वी, तिथे वाद्यांवर बंदी. ग्लोबलसॉफ्ट नावाची कंपनी संगणकावर गाणी बनवते आणि सगळ्यांनी तीच ऐकायची. काही बंडखोर तरुण लपून राहतात आणि जुन्या गाण्यांचे तुकडे जपत कुठेतरी उरलेली एक खरी गिटार शोधतात. सभोवती लोक टाळ्यांनी ठेका धरत होते. मध्यंतरात मी आइस्क्रीमच्या रांगेत उभा राहून निकाल दिला, "गाणी सगळी जुनी, त्यांना जोडायला गोष्टीची सुतळी. उसन्या चालींवर कसले नाटक?"

बायको म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या ट्रंकेतली नाटकाची पुस्तके आठव. प्रत्येक पदाच्या डोक्यावर काय छापलेले असायचे?"

मी गप्प झालो. कारण तिथे छापलेले असायचे : 'चाल'. आणि पुढे एखाद्या माहीत असलेल्या पदाचे, लावणीचे किंवा ठुमरीचे सुरुवातीचे शब्द. अमक्या चालीवर हे म्हणा, एवढीच ती सूचना.

आपल्या संगीत नाटकाचा जन्मच असा झाला. अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यात सरकारी कचेरीत नोकरीला होते. पारशी मंडळीचा 'इंद्रसभा'चा उर्दू खेळ पाहून, असे मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात आला, अशी हकीगत सांगितली जाते. त्यांनी कालिदासाचे 'शाकुंतल' घेतले आणि मराठीत उतरवले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सुरू केलेल्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी पदे पात्रांच्या तोंडी दिली. अशी पदे दोनशेहून अधिक. एवढ्या चाली आणायच्या कुठून? त्यांनी त्या लोकांच्या कानात आधीच असलेल्या गाण्यांतून उचलल्या : कीर्तनातली साकी आणि दिंडी, लावणी, कानडी पदे, रागदारीतल्या चिजा. गोष्ट कालिदासाची, चाली लोकांच्या. ज्यूकबॉक्स म्युझिकल दुसरे काय असते?

आता त्या पहिल्या प्रयोगाचा तपशील पाहा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले ते सातपैकी फक्त चार अंकांचे. उरलेले अंक नंतर आले. म्हणजे पुणेकरांनी त्या रात्री अपुरे नाटक पाहिले आणि ते पुरे व्हावे असे त्यांना वाटले. त्या काळी प्रीव्ह्यू हा शब्द नव्हता, पण काम तेच होते.

पुढे १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' आले. गोविंदराव टेंब्यांनी त्याच्या पदांना पूरब बाजाच्या ठुमऱ्या-कजऱ्यांचे रंग दिले. उत्तरेच्या मैफलीत ऐकू येणारे सूर मराठी घराघरांत गेले, आणि आज त्यांना आपण अस्सल मराठी नाट्यगीते म्हणतो. उसने ते आपले व्हायला एखादी पिढी पुरते.

इंग्रजांचेही तेच. जॉन गेचा 'बेगर्स ऑपेरा' २९ जानेवारी १७२८ रोजी लंडनमध्ये प्रथम झाला. रस्त्यावरच्या प्रचलित गाण्यांच्या चाली, शब्द नवे आणि नायक दरोडेखोर. पहिल्याच हंगामात बासष्ट प्रयोग झाले. १९९९ मध्ये अ‍ॅबाच्या गाण्यांवर 'मामा मिया' आले तेव्हा लोकांना ही युक्ती नवी वाटली. ती पावणेतीनशे वर्षे जुनी होती.

आता राहिला क्वीनचा गायक. फारुख बलसारा १९४६ मध्ये झांझिबारला एका पारशी घरात जन्मला. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवले. तिथे बाराव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात ही मुले पाश्चात्त्य रॉक अँड रोलची गाणी वाजवत, म्हणजे पुन्हा दुसऱ्यांच्याच चाली. किर्लोस्करांना एका पारशी खेळाने वाट दाखवली, आणि पाऊणशे वर्षांनी पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर एक पारशी मुलगा शाळेच्या पियानोवर दुसऱ्यांची गाणी बसवत होता. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव नाही, पण मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

१९६४ च्या झांझिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला, फेल्टमला आले आणि फारुखचा फ्रेडी मर्क्युरी झाला. इथे एक पथ्य पाळायला हवे. तो मराठी नव्हता. 'आपला माणूस' म्हणून त्याच्यावर हक्क सांगण्याची आपल्याला हौस असते, पण स्वतः तो आपल्या मुळांविषयी जाहीरपणे फारसे बोलला नाही. का, ते इथे शाळेत आपले नाव तिसऱ्यांदा उच्चारून दाखवावे लागलेल्या कुठल्याही मुलाला विचारा.

आणि या गोष्टीत ब्रिस्टलही आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' प्रसिद्ध झाले ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी. तारीख ओळखीची वाटते ना? 'शाकुंतल'नंतर बरोबर ९५ वर्षांनी, तेही दिवाळीच्याच तोंडावर. त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांत, ते गाणे पहिल्या क्रमांकावर जाण्याआधी, क्वीन आपल्या शहरात कोल्स्टन हॉलमध्ये वाजवून गेले. ज्या अल्बममध्ये ते गाणे आहे, तोही तेव्हा बाजारात यायचा होता. पुढे काय घडणार आहे हे त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्या ब्रिस्टलकरांना ठाऊक नव्हते. २०२० मध्ये त्या सभागृहाचेही नाव बदलले. आज आपण त्याला ब्रिस्टल बीकन म्हणतो.

डोमिनियनच्या त्या नाटकाचे काय झाले? मे महिन्यात समीक्षकांनी ते झोडपले. काहींचे निकाल माझ्या आइस्क्रीमच्या रांगेतल्या निकालासारखेच होते. तरी नाटक ३१ मे २०१४ पर्यंत चालले, साडेचार हजारांहून अधिक प्रयोग झाले. एवढ्यावरून ते श्रेष्ठ ठरत नाही. गोष्ट पातळ आहे हे माझे मत आजही कायम आहे. पण एक मत मी मागे घेतले. चाल उसनी असण्यात कमीपणा नाही. त्या चालीवर तुम्ही स्वतःचे काही सांगता की नाही, एवढेच पाहायचे.

मुलांच्या नाटुकल्यात एक गाणे आहे. आजी विमानतळावर उतरते आणि नातवाचे इंग्रजी तिला कळत नाही, नातवाला तिचे मराठी कळत नाही. चाल इथली आहे. पण ते सांगायला दुसरी कुठली चाल त्यांच्या कानात असणार? आम्हीच तर त्यांना इथे आणले.

हे सगळे मी लेकीला सांगितले. तिने ऐकले आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मसुद्यात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एक ओळ वाढवली : 'चाल', आणि पुढे मूळ गाण्याचे नाव. तो कागद मी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ वाचला आणि विचारले, "तालीम कधी आहे?"

दिवाळीच्या आदल्या रविवारी आहे. मुलांनी तिला प्रीव्ह्यू म्हणायचे ठरवले आहे आणि सगळ्यांना बोलावले आहे. बदल सुचवायला वाव आहे. काका येणार आहेत, आणि येताना पेटी घेऊन येतो म्हणाले आहेत.