खर्डा ते असई: मदतीचा तह आणि त्याची किंमत #धागा

१/
छावणीतून पश्चिमेस दौलताबादकडे निघालेला रस्ता पडेगावातून पुढे जातो. वाटेच्या एका अंगाला देवगिरीचा किल्ला, दुसऱ्या अंगाला फौजेचा तळ. या दोन्ही ठिकाणांचा इतिहास एका प्रश्नाशी बांधलेला आहे: युद्धप्रसंगी एक राज्य दुसऱ्याच्या मदतीला केव्हा धावते, आणि त्या मदतीची किंमत कोण मोजतो?

२/
प्रारंभ १७९० सालचा. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध पुण्याचे पेशवे, हैदराबादचा निजाम अली आणि ईस्ट इंडिया कंपनी एकत्र आले. पेशव्यांना व निजामाला हैदर-टिपूंनी घेतलेला दक्षिणेकडील मुलूख परत हवा होता. टिपूने कंपनीच्या दोस्तीतील त्रावणकोरवर चाल केली होती. तिघांचे स्वार्थ निरनिराळे होते, शत्रू मात्र एकच होता.

३/
पेशव्यांशी १ जून रोजी आणि निजामाशी ४ जुलै रोजी तह झाले. त्यांतील कलमे रोखठोक होती. जिंकलेल्या मुलखाची समान वाटणी व्हावी. तह करायचा तो सर्वांच्या संमतीने. कोणी किती फौज द्यायची, हेही ठरले. सलोख्याच्या गोड शब्दांपेक्षा या तीन गोष्टींनीच ही युती बांधून ठेवली.

४/
रणांगणावर मदतीचे खरे मोल मे १७९१ मध्ये कळले. श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचलेल्या कॉर्नवॉलिसच्या सैन्याचे दाणागोटा व बैलांवाचून हाल झाले. त्याला आपल्या जड तोफा निकामी करून माघारी वळावे लागले. त्याच वाटेवर हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. त्यांच्यासोबतच्या बाजारात धान्य मुबलक होते. उपाशी लष्कर सावरले ते या बाजारामुळे.

५/
मार्च १७९२ मध्ये टिपूने निम्मे राज्य व ३ कोटी ३० लाख रुपये देण्याचे मान्य केले. मुलखाची तिघांत वाटणी झाली. युतीचा हेतू सफल झाला, आणि तिथेच तिची उणीव उघडी पडली. हे दोस्त आपापसांतच भिडले तर काय, याचे उत्तर तहात नव्हते.

६/
कॉर्नवॉलिसने तिघांनी एकमेकांच्या संरक्षणाची हमी देणारा नवा तह सुचवला. पुण्याने तो स्वीकारला नाही. निजामाकडे चौथाईची मोठी थकबाकी होती. हमी दिली असती, तर वसुलीसाठी तलवार उपसण्याचा मार्गच बंद झाला असता. नाना फडणविसांच्या दृष्टीने तो नकार हिशेबाला धरूनच होता.

७/
११ मार्च १७९५. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे निजाम आणि मराठे समोरासमोर आले. मराठ्यांच्या बाजूला शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार होते. निजामाने कंपनीकडे मदतीची अपेक्षा केली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोर तटस्थ राहिला. युती टिपूविरुद्ध होती. मराठेही तिचे तितकेच भागीदार होते. हैदराबादेत असलेल्या कंपनीच्या पलटणींनाही मराठ्यांशी लढण्याची मुभा नव्हती.

८/
निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला आणि त्याने तह केला. प्रचंड खंडणी, मंत्री मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन, आणि सोडून दिलेल्या मुलखात दौलताबादचा किल्ला. पुढे सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्यात उडालेल्या गोंधळात यातले बरेचसे निजामाला परत मिळाले. पण ऐन संकटात दोस्त हात बांधून उभा राहिला, हा सल कायम राहिला.

९/
प्रथम त्याने कंपनीच्या पलटणींना निरोप दिला आणि फ्रेंच सरदार रेमंडच्या कवायती फौजेवर भिस्त ठेवली. १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी आलेल्या वेलस्लीने, शोरने जे नाकारले होते तेच देऊ केले. १ सप्टेंबर १७९८ चा तैनाती फौजेचा तह असा झाला: कंपनीच्या सहा पलटणी, त्यांच्या खर्चासाठी वर्षाला २४,१७,१०० रुपये, आणि फ्रेंच फौज बरखास्त.

१०/
१२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने संरक्षणाची हमी पक्की झाली, फौजही वाढली. खर्चापोटी निजामाने १७९२ व १७९९ मध्ये म्हैसूरकडून मिळालेला मुलूख कंपनीला तोडून दिला. पहिल्या युतीत जे कमावले, ते दुसऱ्या युतीच्या मोबदल्यात गेले. शिवाय परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलणी करण्याचा अधिकारही गेला.

११/
ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. पळून गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसईत जवळपास तसाच तह केला. फौजेच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख दिला.

१२/
याविरुद्ध दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले एकत्र आले. होळकर मात्र बाहेर राहिले. जुनी वैरे मिटली नव्हती आणि त्यांना बांधून घेणारा करारही नव्हता. २९ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्ली औरंगाबादेत पोहोचला. २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असई येथे लढाई झाली. कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक मारले गेले वा जखमी झाले, तरी विजय तिचाच झाला. डिसेंबरात भोसले व शिंदे यांनी वेगवेगळे तह केले. होळकर १८०४ मध्ये युद्धात उतरले तेव्हा ते एकटे होते. खर्ड्यावर एकत्र आलेले सरदार आठ वर्षांनी एकाच शत्रूशी सुटे सुटे लढले.

१३/
विजेत्या बाजूच्या निजामाची किंमत मात्र फिटली नव्हती. १८०० च्या तहानुसार युद्धकाळात त्याने ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ द्यायचे होते. त्यातून पुढे हैदराबाद कंटिंजंट उभी राहिली: अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. औरंगाबादची छावणी तिच्या ठाण्यांपैकी एक. पगाराची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेले. १८५७ च्या जूनमध्ये याच छावणीतल्या घोडदळात बंडाचा भडका उडाला. दोन सरकारांच्या तहाखाली शिपायांची मने आली नव्हती.

१४/
असा पेच दख्खनपुरता नाही. १९१४ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युतीत असलेला इटली, युती केवळ बचावासाठी आहे असे सांगून युद्धाबाहेर राहिला. १९४९ च्या नाटो कराराचे पाचवे कलमही एकावरील हल्ला सर्वांवरचा मानते. पण कोणती कृती आवश्यक, हे ठरवण्याची मोकळीक प्रत्येक देशाला देते.

१५/
म्हणून कोणताही लष्करी करार वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. तो कोणाविरुद्ध आहे? मदतीची वेळ आली, हे कोण ठरवणार? फौज कोणाच्या हुकुमात राहणार? आणि खर्च कोण देणार? निजामाला १७९५ मध्ये पहिल्या दोन प्रश्नांनी दगा दिला. ती चूक सुधारताना उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवली.

(धागा समाप्त)