शिसपेन्सिलीतली माणसे

आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो, तिच्यात शिसे मुळीच नसते. ही चूक आपली नव्हे. ती आपल्याकडे पेन्सिलीबरोबरच आली. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यात, बॉरोडेल येथे, एक काळा व बोटांना तुळतुळीत लागणारा खनिज पदार्थ सापडला. कागदावर त्याची रेघ शिशाच्या रेघेहून कितीतरी ठळक उमटे, म्हणून लोक त्याला काळे शिसे म्हणू लागले. हा कार्बनचाच एक प्रकार आहे हे शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७९ साली दाखवून दिले, आणि १७८९ साली वेर्नरने त्याला ग्राफाइट हे नाव दिले. परंतु तोवर जुने नाव लोकांच्या तोंडी पक्के बसले होते.

१७९३ साली फ्रान्स व इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले आणि फ्रान्सला हा इंग्रजी माल मिळेनासा झाला. नकाशे काढणाऱ्या सैन्याला पेन्सिलीवाचून कसे चालणार? कार्नोने निकोला काँते याच्यावर ही कामगिरी सोपविली. काँतेने ग्राफाइटची पूड चिकणमातीत कालवली, तिच्या कांड्या करून भट्टीत भाजल्या, आणि १७९५ साली या कृतीचे एकस्व मिळविले. माती अधिक घातली की पेन्सिल कठीण व फिकी होते, कमी घातली की मऊ व काळी. आज दुकानात आपण पेन्सिलीचा क्रमांक पाहून घेतो, तो याच प्रमाणाचा हिशेब होय.

त्या वर्षी तुलूझ येथे एक पंधरा वर्षांचा मुलगा चित्रकला शिकत होता आणि तेथल्या वाद्यवृंदात व्हायोलिनही वाजवीत होता. झाँ ओग्युस्त दोमिनिक अँग्र हे त्याचे नाव. १८०१ साली त्याने रोमला जाण्याची मानाची शिष्यवृत्ती जिंकली. परंतु सरकारी तिजोरीत खडखडाट असल्यामुळे प्रत्यक्ष प्रस्थान १८०६ साली घडले. पुराणांतील व इतिहासांतील भव्य प्रसंग मोठ्या पटावर रंगवावेत, ही त्याची महत्त्वाकांक्षा. व्यक्तिचित्र त्याच्या लेखी दुय्यम.

पण नशिबाने त्याला वेगळ्याच कामाला जुंपले. १८१३ साली त्याने लग्न केले, आणि लवकरच नेपोलियनचे साम्राज्य कोसळले. रोममधले फ्रेंच अधिकारी गाशा गुंडाळून निघून गेले. नेपल्सच्या गादीवर असलेली नेपोलियनची बहीण, जिच्यासाठी तो चित्रे काढीत होता, तिचेही राज्य १८१५ साली गेले. मागे राहिला हा चित्रकार आणि त्याचा संसार. मात्र शांतता होताच इंग्रज प्रवाशांची रोमला रीघ लागली, आणि त्यांना आठवण म्हणून आपली छबी हवी होती. अँग्रने पेन्सिल उचलली.

त्याची पद्धत त्याच्या एका शिष्याच्या आठवणींतून कळते. सकाळी दीड तास, दुपारनंतर अडीच तास, असे चार तासांत चित्र पुरे. मधल्या वेळी तो समोरच्या माणसाबरोबर जेवायला बसे, आणि खरा चेहरा आपल्याला तेथेच सापडतो असे तो म्हणे. हे वाचून मला गंमत वाटली आणि पटलेही. चित्रासाठी बसलेला मनुष्य स्वतःचा पुतळा होऊन बसतो. घास तोंडात असताना पुतळा होऊन राहणे कोणाला साधेल?

कागद तो गुळगुळीत, पांढरा, इंग्रजी वापरी. पुठ्ठ्यावर कागदाचे थर देऊन त्यावर तो ताणून बसविलेला असे, त्यामुळे पेन्सिलीच्या टोकाखाली किंचित लवचीकपणा राही. हे बारीक वाटेल. पण ज्याने पेन्सिलीने चेहरा काढून पाहिला आहे त्याला याचे मोल कळेल. खडू चुकला तर बोटाने पसरून सावली करता येते, तैलरंग खरवडता येतो. कठीण पेन्सिलीची रेघ मात्र कागदात खोबण पाडून बसते. खोडली तरी तिची खूण उरते. शिवाय ग्राफाइटला काळोख नाही. काळे करायला जावे तर ते चकाकू लागते. मूठभर करड्या छटांत सारा मनुष्य उभा करावयाचा! अँग्रने या दारिद्र्याचाच उपयोग करून घेतला. चेहऱ्यावर तो अगदी हळुवार, जवळजवळ न दिसणारी छाया घाली, आणि कोट, शाल, टोपी मात्र झरझर चार रेघांत मोकळी सोडून देई. डोळा आपोआप मुखाकडे वळतो.

१८१८ साली त्याने काढलेले स्तामाती कुटुंबाचे चित्र पाहावे. आईबाप, मुले, आणि पियानोपाशी उभी असलेली कन्या. त्यांतला सात वर्षांचा कामीय पुढे पियानोवादक झाला आणि सँ-साँसचा गुरू ठरला. १८१९ साली त्याने पागानिनीला काढले. हाताशी व्हायोलिन व गज, मुद्रा शांत, एखाद्या सभ्य गृहस्थासारखी. बारा वर्षांनी दलाक्र्वाने तोच पागानिनी रंगवला, तो काळोखातून झपाटून निघालेल्या ज्वाळेसारखा. लोकांना दलाक्र्वाचाच अधिक आवडतो. मला मात्र वाटते, स्वतः व्हायोलिन वाजवणाऱ्याने जो पाहिला तो वादनाआधीचा माणूस असावा.

अशी सुमारे साडेचारशे पेन्सिल-व्यक्तिचित्रे आज ज्ञात आहेत. अँग्रला मात्र या कामाचा अभिमान नव्हता. एका इंग्रजाने दार ठोठावून, लहान चित्रे काढणारा मनुष्य येथेच राहतो काय, असे विचारले, तेव्हा येथे चित्रकार राहतो, असे सांगून त्याने दार लावून घेतले, अशी आख्यायिका आहे. पुढे मानसन्मान आले. १८३५ साली रोमच्या फ्रेंच अकादमीचा संचालक म्हणून तो परतला. पोटासाठी पेन्सिल धरण्याची गरज उरली नव्हती. तरी १८३९ साली लिस्त भेटला तेव्हा त्याचे चित्र पेन्सिलीनेच काढले. असे चित्र तो आता स्नेह्यांना देई.

१८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला स्वतंत्र दालन मिळाले. ही रेखाचित्रेही मांडावीत, असे कोणी सुचविले, तेव्हा त्याने नकार दिला म्हणतात. ती मांडली तर लोक दुसरे काही पाहणारच नाहीत, हे त्याचे कारण. १८६७ साली तो वारला. मोंतोबां या जन्मगावाला त्याने आपला संग्रह दिला. तेथील संग्रहालयात त्याची चार हजारांहून अधिक रेखाटने आहेत, आणि त्याचे व्हायोलिनही जपून ठेवलेले आहे.