दशावतार (गीतसंग्रह)

‘दशावतार’ हा मुंबई येथील ‘डिमोनिक रेझरेक्शन’ या मेटल वाद्यवृंदाचा पाचवा गीतसंग्रह असून तो २०१७ साली प्रकाशित झाला. साहिल मखिजा हे वृंदाचे संस्थापक, गायक व गिटारवादक होत. वृंदाची स्थापना २००० साली झाली. ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश नियतकालिकाने २०१० साली त्यास ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार दिला.

रचना

संग्रहात दहा गीते आहेत. मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या प्रत्येक अवतारावर एकेक गीत असून गीतांची भाषा इंग्रजी आहे.

नादस्वरूप

संगीत मुख्यतः डेथ मेटल व ब्लॅक मेटल या शैलींचे आहे. खर्जातील गुरगुरता कंठस्वर, जड गिटार आणि दोन्ही पायांनी द्रुतगतीने वाजविला जाणारा ड्रम ही त्याची लक्षणे होत. या गदारोळात सतारीसारखी भारतीय वाद्येही ऐकू येतात. द्रुत लय एकाएकी संथ व वजनदार झाली की मैफलीत श्रोते माना झटकून ठेका धरतात. 

नववा अवतार

संग्रहातील नववे गीत बुद्धावर आहे. अवतारांच्या याद्यांत या स्थानाविषयी एकमत नाही. महाराष्ट्रातील काही जुन्या चित्रांत व शिल्पांत तेथे विठ्ठल आढळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे धर्मांतराच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एकीत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारले आहे. त्यामुळे संग्रहाने स्वीकारलेली यादी ही अनेक परंपरांपैकी एक ठरते.